पीसबुवांचा हात

ही गोष्ट खरी आहे. कुणी शपथ घ्यायला सांगितली तर मी घेईन. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा मावसभाऊ, दादा, तर माझ्याआधी घेईल.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांचा मला हेवा वाटतो. दिवा लावला की त्यांची भीती संपते. दादाच्या घरी जे आलं ते सकाळी आलं. खिडकीतून लख्ख ऊन, कुकरच्या शिट्ट्या, वहिनीची डब्याची घाई... आणि त्यात ते.

दादा पंख्यांचं आणि मोटारींचं वाइंडिंग करतो. केसासारखी बारीक तार दिवसभर गुंडाळणारा माणूस. हात कधी थरथरत नाही. भुताखेतांवर तर काडीचा विश्वास नाही. तो हे सांगायला लागला तेव्हा मी आधी हसलो, मग त्याचा चेहरा बघून जवळ सरकून बसलो.

त्याचे वडील, म्हणजे माझे काका, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं, बोलता येत नाही. दिवसभर छताकडे बघत पडायचं, बस. फक्त एक दिवसाआड सकाळी त्यांच्या चेहऱ्यावर जीव यायचा.

पीसबुवा यायचे तेव्हा.

पीसबुवा म्हणजे म्हातारे न्हावी. हात पिसासारखा हलका, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव त्यांच्या बायकोलाच माहीत असावं. काकांची दाढी त्यांनी मिसरूड फुटल्यापासून केलेली. काका आजारी पडल्यावर ते घरी येऊ लागले. खाटेशी बसायचे, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचे... सप... सप... आणि कामाला लागायचे. वस्तरा उघडला की तोंड बंद, असा त्यांचा नियम. दोघंही गप्प. पण त्या वेळी काका मुके वाटायचे नाहीत, असं वहिनी म्हणते.

मग एक दिवस बुवा गेले. झोपेतच गेले.

काका दुसऱ्या कुणाला गालाला हात लावू देईनात. दादाने साधं रेझर आणलं, तर त्यांनी ओठ घट्ट मिटून असा घशातून आवाज काढला की शेजारी दारात आले. दाढी वाढली. तोंडातून गळणारी लाळ, पेज, सगळं तिच्यात अडकायचं. खाली कातडी सोलवटली. डॉक्टर म्हणाले, स्वच्छ ठेवलं नाही तर चिघळेल, आणि या वयात चिघळलं की आवरत नाही.

दादा बुवांच्या घरी भेटायला गेला तेव्हा त्यांच्या बायकोने आपणहूनच वस्तरा आणि पट्टा पुढे केला.

"तुझ्या वडिलांना हाच चालेल," म्हातारी म्हणाली. "पण आधी स्वतःच्या गालावर शीक. मग त्यांच्या गळ्याशी जा."

ते शिकणं म्हणजे नुसती फजिती होती. पट्ट्यावर वस्तरा ओढायचा तो पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. याने पहिल्याच दिवशी धार पुढे केली आणि पट्ट्यालाच चीर पाडली. मग गालावर पातं उभं धरलं. गालावरचे ओरखडे बघून वहिनीने विचारलं की बाहेर मांजर पाळलंय का. पण दादा चिकट. पातं जवळजवळ आडवं ठेवायचं, जोर द्यायचा नाही, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, हे त्याला हळूहळू उमगलं. कातडी सैल राहिली की पातं अडखळतं, आणि अडखळलं की कापतं. सगळं जमलं की आवाज येतो.

खर्र... खर्र...

तो आवाज यायला लागला आणि तुरटीचा खडा कोरडा राहू लागला, तेव्हा दादाने काकांच्या खाटेशी स्टूल ओढलं.

डावा गाल कसाबसा झाला. उजवा गाल मात्र लुळा. डाव्या हाताने डोकं सावरावं तर कातडी ताणायला हातच उरत नव्हता. वहिनीला हाक मारावी, तर वस्तरा उघडा असताना बोलायचं नाही हे डोक्यात बसलेलं.

तेवढ्यात गाल ताणला गेला.

आपोआप.

कानाजवळ एक छोटासा खळगा पडला होता. बोटाच्या टोकाएवढा. आत फिकट, कुणी दाबून धरल्यावर होते तशी कातडी...

दादाने वस्तरा फिरवला. लोण्यातून जावा तसा गेला. मग काकांनी स्वतःहून हनुवटी वर केली, मग मान भिंतीकडे वळवली, पुन्हा सरळ केली. दादा काही सांगत नव्हता. त्याला कळत होतं ते एवढंच की हे सांगण्याबरहुकूम चाललंय... आणि सांगणारा तो नाही.

दाढी झाली तेव्हा काका अर्ध्या तोंडाने हसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

दादाने स्वतःची समजूत घातली. कातडीच्या शिरा आखडल्या असतील, म्हातारपण आहे, वगैरे वगैरे. पण पुढच्या खेपेला तो मोरीत ब्रश भिजवत होता आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

सप... सप...

धावत आला तर खोलीत काकांशिवाय कुणी नाही. वस्तरा मिटलेला. खिळ्याला टांगलेला पट्टा मात्र हलत होता.

आणि काका दाराकडे बघत होते.

तो तडक म्हातारीकडे गेला. बुवा दाढी करताना गिऱ्हाईकाला मान कशी वळवायला लावायचे, एवढंच त्याने विचारलं. ती म्हणाली, बोलायचे थोडेच. हनुवटीखाली बोट टेकवलं की मान वर, कानामागे टेकवलं की तोंड पलीकडे. तुझ्या वडिलांना तर सगळी बोटं पाठ होती. मग तिने दादाकडे नीट बघितलं आणि विचारलं, "का रे?"

दादाने चपला घातल्या आणि तो निघाला.

तरी तो दाढी करत राहिला. दुसरं काय करणार? काकांची कातडी भरून आली होती, दोन घास जास्त जात होते. आणि खरं सांगायचं तर त्या हाताच्या आधाराने त्याचाही हात बसत चालला होता.

मग ती सकाळ आली.

गाल झाले होते. गळ्यावर फेस होता. दादा कंठाशी आला आणि पातं पुसायला त्याने वस्तरा उचलला.

खर्र...

त्याने वस्तऱ्याकडे बघितलं. तो त्याच्या हातात, हवेत.

खर्र... खर्र...

काकांच्या गळ्यावरचा फेस एका पट्टीने नाहीसा होत होता. खालून स्वच्छ कातडी दिसत होती. मग शेजारची पट्टी. काका डोळे मिटून, मान ताणून निवांत पडले होते. तो म्हणतो, मला बुवांची भीती नाही वाटली रे. माझ्या बापाच्या गळ्यावर काहीतरी धारदार फिरतंय आणि ते मला दिसत नाही, याची वाटली.

"बुवा, बस," तो मोठ्याने म्हणाला. "माझे वडील आहेत. मी करतो."

आवाज थांबला.

खोली एकदम रिकामी झाली. उरलेला गळा दादाने स्वतः केला. काकांनी डोळे उघडले आणि त्याच्याकडे असं बघितलं की त्याला मान खाली घालावी लागली.

त्यानंतर खळगा पडला नाही. पट्टा हलला नाही. दादा आता बऱ्यापैकी दाढी करायचा, पण काका हनुवटी उचलेनात. दादाने बोट टेकवलं तरी नाही. पेज पुन्हा उरायला लागली. नजर पुन्हा छताला.

आणि मग कामावर एक जड मोटार उचलताना दादाचं मनगट मुरगळलं. हातात चहाचा कप ठरेना, वस्तरा कुठला धरणार? दाढी वाढली. गळ्याला पुन्हा लाल चट्टे आले, एका चट्ट्यातून पाणी यायला लागलं. वहिनी रडकुंडीला आली. दादाला रात्र रात्र डोळा लागेना.

शेवटी एका सकाळी त्याने डाव्या हाताने फेस केला आणि काकांना लावला. वस्तरा उघडून खिडकीत ठेवला. दार सताड उघडलं.

"या, बुवा," तो म्हणाला.

काही झालं नाही. फेस वाळायला लागला. स्वयंपाकघरात वहिनीने भांडं आपटलं तेवढंच.

मग काकांची हनुवटी वर गेली...

दादा खिडकीकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आता वस्तरा हलेल. वस्तरा हलला नाही. त्याच्या दुखऱ्या मनगटावर कुणीतरी हात ठेवला. हलका, अगदी हलका. कळ एकदम थांबली. मग त्या हाताने त्याचा हात वस्तऱ्यापाशी नेला.

तशी दाढी त्या घरात बुवा गेल्यापासून झाली नव्हती.

चट्टे आता बरे झाले आहेत. काका जेवतात, हसतात. दादाचं मनगटही कधीच बरं झालं. तो हात मात्र गेला नाही. वस्तरा उघडला की येतो. दादाचं काम तेवढंच, उघडायचं. पुढचं सगळं मनगट करतं आणि तो नुसता बघत बसतो.

काल गळ्याशी आल्यावर त्याने मुद्दाम हात थांबवून बघितला.

हात थांबला नाही.

आज तो माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, फेकून दे तो वस्तरा. तो म्हणाला, फेकला तर बाबा जातील. मग बूट न घालता दारातच उभा राहिला.

"उद्या सकाळी दाढी आहे," तो म्हणाला. "तू ये. माझ्या शेजारी बस. काही वेडंवाकडं वाटलं तर माझा हात धर."

मी हो म्हटलं आहे. नाही कसं म्हणणार?

पण तिथे वस्तऱ्यावर हात दोन असणार आहेत... आणि मला त्यातला एकच दिसणार आहे.