शून्यावर आणून द्यावा

नवी वस्तू बिघडलेली निघाली की चारचौघांची तोंडं उतरतात. हक्कोबाचं मात्र उलटं. त्याच्या अंगात तेव्हा कुठे खरा उत्साह संचारायचा. हे नाव त्याला ऑफिसातल्यांनी ठेवलं होतं आणि उगाच नव्हतं ठेवलं. परदेशातून ऑनलाइन मागवलेल्या मालाच्या तक्रारी जिथे घेतात, त्या खिडकीवर तो चौदा वर्षं बसत होता. टोस्टर, चष्मे, सायकली, एकदा तर अख्खा पियानो त्याने सीमेपलीकडे धाडून दुरुस्त करून आणवला होता, तोही विक्रेत्याच्याच खर्चाने.

त्यात हा तर बाळाचा वजनकाटा. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर बायकोला दिवस गेले होते. ती शाळेत गणित शिकवायची, सातवा संपत आला तरी रोज जायची, आणि हा इकडे बाळाच्या खोलीत रोज काहीतरी आणून मांडायचा. ती म्हणायची, अहो, बाळाला तरी जागा ठेवा थोडी. काटा आला त्या शनिवारी त्याने खोकं उघडून तो खिडकीखालच्या टेबलावर ठेवला. पांढरा खोलगट ट्रे, पुढे हिरवे आकडे. बॅटरी घातली आणि आकडा उमटला, १४२०.

ट्रेमध्ये काहीच नव्हतं. त्याने ट्रे पुसला, वरचं पातळ प्लास्टिक सोललं, टेबल हलतंय का पाहिलं. शून्याचं बटण दाबलं. दोन आडव्या रेघा आल्या आणि पुन्हा १४२०.

त्याने बायकोला हाक मारली आणि लॉटरी लागल्यासारखं सांगितलं, "बिघडलेला आहे!"

त्याच दुपारी तक्रार लिहायला बसला. नियम जिभेवर होते. इतक्या लवकर दिसलेला दोष मुळातलाच धरायचा, दुरुस्ती की बदली हे गिऱ्हाइकाने ठरवायचं, नेण्याआणण्याचा भार विक्रेत्यावर. पण विक्रेते पक्के असतात. न विचारता दुसराच नग पाठवून हात झटकतात. त्यावर उपाय म्हणून त्याचं स्वतःचं एक वाक्य होतं, खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला तो ते लिहायला लावायचा: मला दुरुस्तीच हवी आहे, दुसरा कुठलाही पर्याय मान्य नाही, आणि हा निर्णय मी बदलणार नाही. ते त्याने इथेही लिहिलं. दोषाच्या रकान्यात लिहिलं, ट्रे रिकामा असताना वजन दिसते, तरी काटा शून्यावर आणून द्यावा. मग खाली झोकात सही ठोकली.

उत्तर येईपर्यंत पुरावा हवा, म्हणून तो रोज सकाळी साडेसातला आकडा टिपू लागला. १४५२. १४८४. १५१६. बॅटरी बदलली, खोली बदलली, काटा जमिनीवर ठेवून पाहिला. साखरेचं एक किलोचं पाकीट ठेवलं तर बरोबर हजारने वाढला. म्हणजे काटा चोख होता, फक्त त्याच्यावर काय आहे ते दिसत नव्हतं. ही गंमत तो ऑफिसात सगळ्यांना रंगवून सांगायचा.

सहाव्या दिवशी बायकोची थोरली बहीण आली. ताई प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती, तिनेच त्या दिवशी बायकोची सोनोग्राफी करवून आणली होती. बाळ छान आहे म्हणाली, सोळाशेच्या आसपास भरतंय. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. सकाळचा आकडा होता १६१२.

मग काय विचारता! घरात नुसता आनंदीआनंद. बायकोने चौकटींच्या कागदावर आलेख काढला आणि पुस्तकात लिहिलेली बाळाची वाढ नि काट्याचे आकडे एकाच रेषेत बसवून दाखवले. सकाळी तोंडात ब्रश असतानाच ती ओरडायची, किती? दोन दिवस ती प्रशिक्षणासाठी परगावी गेली, तरी काट्याचं वाढणं काही थांबलं नाही. हक्कोबाने तिला फोनवर आकडे कळवले तेव्हा ती भर वर्गात हसली म्हणे. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली, ते रोज सकाळी हिरव्या आकड्यांत दिसत होतं, मग दोघांना धीर कसा धरवणार.

ताईला तेवढं ते रुचलं नाही. एकदा तिने रिकाम्या ट्रेवर हात टेकवला आणि लगेच उचलला. त्याने विचारलं तर म्हणाली, काही नाही, कोमट लागला. उन्हामुळे असेल. त्या खिडकीत ऊन कधीच येत नव्हतं, पण तो वाद घालत बसला नाही.

बाराव्या दिवशी विक्रेत्याने मान तुकवली. दुरुस्ती मान्य, उद्या कुरिअरवाला येईल, माल दिला नाही तर तक्रार बंद. हक्कोबा खूश होऊन खोकं शोधायला लागला. बायको दारात येऊन उभी राहिली.

"राहू दे ना तो," ती म्हणाली. "बिघडलाय कुठे?"

त्याने तिला समजावलं. हक्क एकदा सोडला की गेला, हे मी जगाला सांगतो आणि माझ्याच घरी सोडू? बाळ यायच्या आत दुरुस्त होऊन येतोय बघ. त्याने खोक्यात काटा ठेवल्यावर तिने कपाटातून एक मऊ टॉवेल आणला आणि ट्रेमध्ये नीट अंथरला. त्या सकाळचा आकडा होता १८०४.

पुढचे काही दिवस मोबाइलवर माल कुठे पोचला हे पाहण्यात गेले. गोदाम, विमानतळ, सीमा पार. तो ऑफिसात दर तासाला जाहीर करायचा आणि लोक टाळ्या पिटायचे.

काटा खोक्यात घातल्यापासून आठव्या दिवशी ताईचा फोन आला. तिने बायकोला वॉर्डात दाखल करून घेतलं होतं. तो धावत पोचला. ताईने त्याला बाजूला घेतलं. ठोके चांगले आहेत, घाबरण्यासारखं नाही, असं आधी म्हणाली. मग खाली पाहत म्हणाली, "आठवडाभर वाढ नाही, भाऊजी. अठराशेवरच आहे."

तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. दुरुस्तीच्या कारखान्यातून पत्र होतं. काटा परवा मिळाला, दोष दिसतो, आजचा आकडा २०६०, रोज बत्तीसने वाढतो, उद्या सकाळी काम करू. सोबत फोटो होता. टेबलावर काटा, ट्रेमध्ये बायकोचा टॉवेल. टॉवेलला मधोमध खळगा पडला होता.

तिथेच उभ्याने त्याने लिहिलं, दुरुस्ती नको, काटा आहे तसा ताबडतोब परत पाठवा. पाव तासात उत्तर आलं, अतिशय सभ्य. सोबत त्याचंच पत्र जोडलं होतं आणि एका वाक्याखाली रेघ ओढली होती. हा निर्णय मी बदलणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. या वाक्यावर त्याने शेकडो भांडणं जिंकली होती.

तो फोन करत राहिला. दुपारभर कानात संगीत वाजत राहिलं, मग कार्यालय बंद झालं.

सकाळी कार्यालय उघडायच्या वेळेपासून पुन्हा सुरू. तो तपासणीच्या खोलीबाहेर उभा होता. आत बायको पलंगावर, ताई यंत्रापाशी. अर्धवट उघड्या दारातून बाळाचे ठोके मोठ्याने ऐकू येत होते, भरभर, एका लयीत. ते ऐकून त्याला जरा बरं वाटत होतं.

फोन लागला. कारागीर बाई होती, वयस्कर वाटली. सावकाश, दबक्या आवाजात बोलत होती.

"काटा उघडू नका," तो म्हणाला. "तसाच पाठवा. मी काय हवं ते लिहून देतो. बाई, पाया पडतो तुमच्या."

"अहो, झालं की काम," ती म्हणाली. "आत्ताच शून्यावर आणला. तुम्ही लिहिलं होतं तसं."

दाराआडचे ठोके थांबले होते.

ताई यंत्राचं बटण फिरवत होती. पुन्हा फिरवत होती. बायको विचारत होती, ताई, आवाज का गेला?

"आणि वजन?" त्याने विचारलं. "ते कुठे गेलं?"

पलीकडून बाईच्या श्वासाबरोबर कसलातरी मऊ आवाज येत होता. कुणीतरी हलक्या हाताने थोपटत असावं.

"जरा हळू बोला," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."