उजव्या बाजूचा फोटो

टण्ण!

दुपारच्या सामसुमीत कपाटावरून फरसाणाचा जुना डबा फरशीवर आपटला. त्याचं झाकण गिरक्या घेत घेत फ्रिजखाली जाऊन निजलं. ज्ञानेश्वरी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, ती दचकून उठली. अर्ध्या तासापूर्वी थोपटून झोपवलेली ओवी खुर्चीवर उभी होती.

"ओवे!"

"मी न्हाई पाडला. त्योच पडला."

"आपोआप?"

"मी नुसतं बघत होते, पडतो का ते."

रागवावं की हसावं, हे ठरेपर्यंत ओवी खाली उतरून डब्यातून सांडलेलं गोळा करायलाही लागली होती. एक जाड पट्टा, एक घुंगरू आणि दोन फोटो. एका फोटोत पट्ट्यापट्ट्यांचं, पाठीवर केस उभारलेलं एक जनावर एका बाजूनं दिसत होतं. दुसऱ्यात नुसत्या शेळ्या, आणि शेळ्यांमागं धूळ.

"ह्यो कोण?"

"ही तरस. काकू तिचं नाव."

"आन् ह्या शेळ्या?"

"खुटबावच्या. आबांच्या."

"मग तू कुठंय?"

"मी मागं आहे. धुळीच्या मागं."

ओवीनं फोटो नाकाला लावून पाहिला. "न्हाईस तू. खोटं बोलतीस."

ज्ञानेश्वरी हसली. खरंच, त्या फोटोत ती कुठंच नव्हती. तरी तिच्या लग्नाच्या अल्बमातला एकही फोटो तिला एवढा आपला वाटला नव्हता. लेकीला मांडीवर घेऊन ती सांगू लागली. थोडं लेकीला, बरंचसं स्वतःलाच.

*

तेव्हा ती बी.एस्सी. होऊन खुटबावला घरी बसली होती. घरी बसली म्हणायचं आपलं. पहाटेची झाडलोट, स्वयंपाक आटोपला की वडलांच्या, म्हणजे आबांच्या, वीस-बावीस शेळ्या माळावर न्यायच्या, हे काम तिनं आपणहून मागून घेतलं होतं. घरात स्थळांच्या गोष्टी चालत आणि माळावर चालायचा तो फक्त वारा.

माघातली सकाळ होती. गुऱ्हाळाचा गोड, करपट वास अजून हवेत होता. सगळ्यात पुढं घुंगरू वाजवत मैना, तिच्यामागं बाकीच्या शेळ्या, शेवटी ज्ञानेश्वरी. हिवराच्या झाडापाशी वाट अरुंद होते, तिथं मैना थबकली. ज्ञानेश्वरीनं मान उंचावून पाहिलं...

एक चांगला धडधाकट तरुण हातापायांवर रांगत वाटेवरून चालला होता. सात-आठ पावलं इकडं, सात-आठ पावलं तिकडं.

"काय हरवलंय का?" तिनं लांबूनच विचारलं.

तो होता तसाच थिजला. "न्हाई... मी तरस झालोय."

"कवापासनं?"

"पाच मिनिटं झाली असतील."

तिनं ओढणीचं टोक तोंडात धरलं. तो उठून गुडघे झटकायला लागला आणि त्यानं हिवराच्या बुंध्याला गुडघाभर उंचीवर जाड पट्ट्यानं बांधलेली एक हिरवट पेटी दाखवली. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो टिपणारा तो कॅमेरा. तरसाच्या उंचीवर बरोबर लागलाय का, हे पाहायचं तर माणसालाच तरस व्हावं लागतं. आतला लाल दिवा लुकलुकला की समजायचं, टिपलं.

"पण तरस असं चालत न्हाई," ती म्हणाली.

"मग कसं चालतं?"

"त्याचं मागलं अंग खाली असतंय. तुमचं लई वर गेलं होतं."

तो कानापर्यंत लाल झाला. नाव विचारलं तर म्हणाला गोकुळ, शिरूरचा, वडील एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत.

"नाव गोकुळ, आन् धुंडताय तरस!"

"गाई सगळ्यांनी आधीच मोजून ठेवल्यात. माझ्या वाट्याला हेच उरलं."

पुण्यातल्या एका संस्थेसाठी दौंड तालुक्यातल्या माळांवर तरस किती उरलेत ते तो मोजत होता. शेळ्या पुढं सरकल्या तसा कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकला, आणि मग तो गप्प बसला.

"बिघडला का?"

"न्हाई. एकदा टिपलं की मिनिटभर डोळा मिटतो त्याचा. मीच तसं लावलंय. नाहीतर तुमच्या शेळ्याच कार्ड भरून टाकतील."

*

दर मंगळवारी गोकुळ कार्ड बदलायला यायचा. मोटारसायकल कॅनॉलवर लावायची, बाभळीच्या सावलीत लॅपटॉप उघडायचा आणि आठवड्याचा माळ बघायचा. ससे, खोकड, मुंगूस, कुणाचा तरी चुकार रेडा. ज्ञानेश्वरी आधी लांबून बघायची, मग जवळून, मग... मंगळवारी तिच्या शेळ्या बाभळीभोवतीच चरू लागल्या.

तिथंच तिनं पहिल्यांदा तरस पाहिली. काळ्या-पांढऱ्या फोटोत, पाठीवरचे केस शालीसारखे पांघरून चाललेली.

"अगंबाई, ही तर काकू! कीर्तनाला निघालीय."

"मादी कशावरून?"

"सगळ्यांचं जेवण झाल्यावर, उरलंसुरलं खायला निघती. बाईमाणूसच."

तो एवढा हसला की मैनानं चरणं सोडून वर पाहिलं. पण त्याच्या वहीत काकूची नोंद कच्चीच होती. असे कॅमेरे जोडीनं, समोरासमोर लावायचे असतात, त्यानं सांगितलं. एकानं डावी बाजू टिपायची, दुसऱ्यानं उजवी. या वाटेवरचा दुसरा कॅमेरा कुणीतरी काढून नेला होता.

"बिचारा त्यावर टीव्ही लागायची वाट बघत असेल," गोकुळ म्हणाला. "खरी अडचण काकूची हाय. तरसाचे पट्टे दोन्ही अंगांना वेगवेगळे असतात. डावीकडून ओळखीची झालेली तरस उजवीकडून परकीच वाटते. मग एकीच्या दोन मोजल्या जातात. म्हणून दोन्ही बाजू बघितल्याबिगर नोंद पक्की करायची नाही. आणि ही बया ह्या वाटेनं नुसती जाते. परत येते कुठून, देव जाणे."

"खाणीकडनं वळसा घालून," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मातीत पाय उमटल्यात की. मागचा डावा जरा ओढती."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. पुस्तकात न सापडलेली ओळ एखाद्यानं सहज म्हणून दाखवावी, तसं. मग नजर खाली गेली. तिच्या ओढणीला कुसळं लागली होती. त्यानं एक काढलं. दुसरं काढलं...

"राहू दे. मी काढीन घरी."

"तू घरी जाईपर्यंत टोचतील."

"तू? कवापासनं?"

"चुकलं. तुम्ही."

"आता निघालाच हाय तोंडातून तर राहू दे," ती म्हणाली आणि उगीचच एका शांत उभ्या शेळीला हाकलायला उठली.

*

फाल्गुन सरत आला. त्या मंगळवारी गोकुळनं सांगितलं. काम संपलं होतं. शुक्रवारी सकाळी तो कॅमेरा काढून नेणार होता.

"आमच्याकडं रविवारी पाव्हणे येणारेत," तिनंही सांगून टाकलं. "कारेगावचं स्थळ. कंपनीत हाय. आबांना पसंत हाय."

"आणि तुला?"

तिनं गवताची काडी तोडली. आणखी एक तोडली.

त्यानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. पडद्यावर तीच होती. खांद्यावर काठी, नाकात चमकी. पुढच्या फोटोतही तीच. शेळ्यांमागून जरा अंतर ठेवून येणारी, रोज सकाळी त्याच वाटेनं माळावर जाणारी. एक्केचाळीस फोटो.

"माणूस टिपला गेला तर फोटो पुसायचा, असा नियम हाय आमचा," तो म्हणाला. "मी पुसले नाहीत. चुकलंच माझं."

"मग आता पुसा."

"बरं."

आणि त्यानं खरंच पुसले. तिच्यासमोर, एकेक करून. तिला वाटलं होतं एखादा तरी मागं ठेवेल, निदान विचारेल. शेवटचाही गेला तेव्हा तिलाच कसंतरी झालं.

"सगळे?"

"तू म्हणालीस ना." त्यानं झाकण मिटलं. "तसेही सगळे डाव्या बाजूचे होते. सकाळी तू जातेस इथून. संध्याकाळी शेळ्यांना पाणी पाजायला कॅनॉलकडून उतरतेस. तुझी उजवी बाजू एकदाही आली नाही. आणि एका बाजूवर... नोंद पक्की करायची नसते."

वारा पडला होता. मैनाच्या गळ्यातलं घुंगरूसुद्धा वाजेना.

"ज्ञानेश्वरी, तोंडावर विचारलं तर तुला भिडेनं हो म्हणावं लागेल, नाहीतर भिडेनं नाही. मला तसलं नको. गुरुवार संध्याकाळपर्यंत कॅमेरा इथंच हाय. तुला वाटलं तर त्या दिवशी ह्याच वाटेनं परत जा. नाही वाटलं, तर कॅनॉलकडून उतर. मी काय समजायचं ते समजेन. फोन करून तुला कधी त्रास देणार नाही."

"आन् मी जाईन असं वाटतंय तुम्हाला?"

"मी फक्त कॅमेरा लावतो," तो हळूच म्हणाला. "कोण कुठून जाईल, ते माझ्या हातात नसतं."

*

गुरुवारी तिनं शेळ्या कॅनॉलकडं वळवल्याच नाहीत.

शेळ्यांना हे मुळीच पटलं नाही. दिवसभराच्या तहानलेल्या, पाण्याचा वास एकीकडं आणि मालकीण हाकतेय दुसरीकडं! काठी आपटत, चुचकारत, मैनाच्या कानात "बाई, आजच्या दिवस ऐक माझं" म्हणत तिनं त्यांना हिवराच्या वाटेला लावलं. केसांची वेणी तिनं मुद्दाम डाव्या खांद्यावरून पुढं घेतली होती. उजवा गाल मोकळा राहावा म्हणून.

शेळ्या हिवरापुढून दडदडत गेल्या. धुळीचा लोट उठला. त्याच्यामागून ती नेहमीच्याच अंतरानं निघाली. सरळ समोर बघत. शेवटी राहवलं नाही म्हणून तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पेटीकडं पाहिलं.

लाल दिवा लुकलुकला नाही.

दोन पावलं पुढं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. मिनिटभर डोळा मिटतो त्याचा! सकाळी चरत रेंगाळणाऱ्या शेळ्यांमागून ती येईपर्यंत तो उघडलेला असायचा; आज शेळ्या पळाल्या आणि मैनानं ते मिनिट आधीच खाऊन टाकलं होतं. ती गर्रकन मागं वळणार, तोच खालच्या शेतातून हौसराव नानांची आरोळी आली, "ए सोपानच्या पोरी! शेरडं मकंत घुसली की गं! डोळं फुटलं का तुझं?"

ती धावली. मकेतून शेळ्या काढेपर्यंत, नानांच्या शिव्या झेलेपर्यंत दिवस बुडाला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती माळावर पोहोचली, तर गोकुळ तिच्याही आधी येऊन गेला होता; हिवराच्या बुंध्यावर पट्ट्याचा फक्त वळ उरला होता.

तो दिवस तिला कसा गेला, ते तिचं तिला माहीत. नंबर होता तिच्याकडं. चारदा काढला. काय सांगायचं? मी आले होते, पण तुमच्या यंत्राचा डोळा लागला होता? यावर कुणी विश्वास ठेवील? आणि ठेवला नाही तर... चारदा नंबर काढून तिनं चारदा फोन उशीखाली ठेवला. ओसरीवर आई रविवारच्या चहाला नवे कप काढून पुसत होती.

शनिवारी दुपारी दारात मोटारसायकल थांबली.

गोकुळ होता. मागं पांढरी टोपी नीट करत उतरणारे त्याचे वडील, आनंदराव. आबांनी दोघांना घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं. ज्ञानेश्वरी दाराआड भिंतीला टेकून उभी राहिली.

"मामा, एक विचारायचं होतं," गोकुळ म्हणाला. "तुमच्या शेळ्या रोज संध्याकाळी पाण्याला कुठून जातात?"

"कॅनॉलनं. का ओ?"

"गुरुवारी नाही गेल्या. माळाच्या वाटेनं उलट्या आल्या. तहानलेल्या." त्यानं फोटो पुढं केला. "शेळ्या पाणी सोडून आपोआप उलट्या येत नाहीत, मामा. मागं कुणीतरी हाकणारं लागतं."

आबांनी फोटो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. "तरीच गुरुवारी घरी येऊन तीन बादल्या पाणी प्याल्या! मी म्हणलं, शेरडांना ताप आला का काय." मग ते थांबले. हळूच मान वळवून दाराकडं बघत म्हणाले, "व्हय गं ज्ञाने? का आणल्या होत्या उलट्या?"

दाराआडून फक्त बांगड्या वाजल्या.

आबांनी फोटो घोंगडीवर ठेवला. आनंदराव घसा खाकरून मुलाच्या नोकरीचं सांगू लागले, पक्की नाही म्हणाले, फिरतीची आहे म्हणाले. आबांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"आनंदराव, कारेगावच्या पाव्हण्यांना मी फोन करतो. अहो, माझ्या घरातलं मला समजलं न्हाई, ते ह्या पोरानं शेरडं बघून वळखलं. आता आजून काय इचारायचं राहिलं?"

आतून ट्रेमध्ये नवे कप खणखणत बाहेर आले. ज्ञानेश्वरीनं चहा ठेवला. गोकुळनं वर पाहिलं, आणि तिनं हलकेच मान वळवली. डावीकडं. उजवा गाल त्याच्या समोर येईल अशी.

"झाली का नोंद?" तिनं फक्त त्याला ऐकू जाईल असं विचारलं.

"पक्की," तो म्हणाला.

*

"मग ते बाबा होते?" ओवीनं विचारलं.

"मग कोण असणार?"

"बाबा रांगत होते?" ओवी मांडीवरच लोळायला लागली. "बाबा आले की रांगायला लावू."

बाबा सध्या उसातले बिबटे मोजायला गेले होते, परवा येणार होते. ज्ञानेश्वरीनं शेळ्यांचा फोटो पुसून डब्यात ठेवला, त्यावर मैनाचं घुंगरू ठेवलं. काकूचा फोटो मात्र ओवी सोडेना. ती तो उलटा करून मागं बघत होती.

"हिची दुसरी बाजू कुठंय?"

"ती नाही मिळाली बाबांना. खाणीकडं कॅमेरा लावायचाच राहिला. लग्नानंतर गेलो, तर..." ज्ञानेश्वरी थांबली. तर हिवर नव्हता. बाभूळ नव्हती. मुरूम उपसून माळ सपाट केला होता आणि पांढऱ्या फक्कीनं प्लॉट आखून कमान उभी केली होती. जिथं गोकुळ तरस झाला होता, तिथं बारा नंबरचा कोपऱ्याचा प्लॉट होता. गोकुळच्या जुन्या वहीत काकूपुढं अजून तसंच लिहिलेलं होतं: एक बाजू, नोंद कच्ची.

यातलं काही लेकीला सांगावं की नाही, हे तिला ठरवता येईना. "तर तिथं आता घरं होणारेत," एवढंच ती म्हणाली.

ओवीनं फोटोतल्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. शालीवरून, लांबट कानांवरून, जरा ओढत टाकलेल्या मागच्या डाव्या पायावरून.

"मग आई," ती म्हणाली, "काकू आता कुठनं जाती?"