येते, म्हणाल्या हेमाताई

दुकान तीन दिवस बंद होतं आणि गिऱ्हाइकांना त्याचा पत्ताच नव्हता. हेमलता दुधगावकर नेमक्या त्यानेच हैराण झाल्या होत्या.

मिरजेतल्या त्यांच्या श्रवणयंत्रांच्या दुकानातला सर्व्हर लांबलांबच्या म्हाताऱ्यांच्या कानातली यंत्रं बसल्या जागी जुळवून द्यायचा. सोमवारी त्याचं नेटवर्क कार्ड जळालं. बाईंनी नवं बसवलं, केबल बदलली, नावाची सेटिंग्ज चारदा पुसून भरली. हिरवा दिवा लागत होता, पण दुकानाचं नाव टाकलं की पत्ता भलत्याच यंत्राचा यायचा. पाचव्यांदा तेच झालं तेव्हा त्यांनी कीबोर्ड आपटला.

"ती पडछाया आहे, ताई," नामसेवेचे शास्त्रज्ञ इब्राहिम मुजावर म्हणाले. बाईंच्या तक्रारींना कंटाळून ते स्वतःच आले होते.

नामसेवा म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी जगभराची वही. पूर्वी यंत्र बंद पडलं की नाव मुकं व्हायचं. आता तसं होत नसे. नामसेवा त्या दुकानाच्या जुन्या संभाषणांवरून एक पडछाया तयार करी आणि ती मालकाच्याच आवाजात उत्तरं देई, त्याची कामंही करी. मालक परतला की तिने निघून जायचं, असा करार.

"मग जात का नाही ती बया?"

"प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. तुमचं कार्ड नवं, म्हणजे नामसेवेला तुम्ही परक्या. कुणीही उपटसुंभ नाव बळकावेल, म्हणून ती आधी पडछायेला विचारते, जागा सोडतेस का?"

"आणि?"

"ती म्हणते, 'बरं, येते.' येणारा जागा सोडत नसतो, म्हणून नामसेवा तिची मुदत वाढवते. तिनं 'जाते' म्हणायला हवं. पण तुमच्या आठ वर्षांच्या बोलण्यात तो शब्दच नाही."

"अहो, निरोप घेताना 'जाते' कोण म्हणतंय का? अभद्र!"

"आम्हीसुद्धा नाही म्हणत," मुजावर ओशाळले. "पण नियम लिहिणाऱ्यांना मराठी येत नव्हतं. बदलायला महिना तरी जाईल."

बाई ताडकन उठल्या. कवठ्याचे जुने गिऱ्हाईक आबा शिंगटे यांचा उजवा कान सुजला होता. त्यांच्या यंत्राचा आवाज अजिबात वाढवू नका, असं डॉक्टरांनी रविवारी बजावलं होतं आणि ते सर्व्हरमध्ये नोंदवायचं राहून गेलं होतं; पडछायेला त्याची खबरच नव्हती. फोन करावा तर फोनही नावावरूनच लागायचे. बाईंचे फोन दोन दिवस 'तोतया' म्हणून परत येत होते.

त्या मिळेल त्या एसटीने कवठ्याला पोचल्या. आबा ओसरीवरच बसले होते. आठ वर्षांची ओळख, पण सगळी कानातल्या यंत्रातून बोलण्याची. चेहरा कुणीच कुणाचा पाहिलेला नव्हता.

"आबा, मी हेमा! ते यंत्र काढा आधी!"

आबा नुसते त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. बाहेरचे नकोसे आवाज गाळायची सोय त्या यंत्रात होती. बाईंचा आवाज पडछायेने तोतयाचा म्हणून नकोशांत टाकला होता.

बाईंना रडू फुटायचंच बाकी राहिलं. त्यांनी पर्समधून कागद काढून घाईघाईने लिहिलं, 'मी हेमा. यंत्र काढा. कान जाईल.'

आबांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, घडी घालून परत केला आणि कानाला हात लावून मोठ्यांदा म्हणाले, "व्हय हेमाताई, तुमी म्हणाला तशी एक बाई आलीया बघा, तुमचंच नाव सांगतीया. न्हाई, न्हाई, यंत्र कशाला देतोय मी! पर ताई, जरा आवाज वाढवा की. तुमचं बोलणं नीट ऐकू येईना झालंय."