दोन्ही सेल

भिगवण चौकातल्या सोनबा घड्याळवाल्यानं दोन बटणसेल कागदात बांधून दिले आणि बोट नाचवत बजावलं, "सर, एक काढायचा, नवा घालायचा. मग दुसरा. दोन्ही एकदम काढलं की डायरी कोरी हुती. मग माझ्या नावानं ओरडू नका."

"व्हय, व्हय," म्हणत बुद्धभूषण मास्तर सायकलवर टांग टाकून जळोचीला परतला.

डिजिटल डायरी मेघनाची, त्याच्या बायकोची. कळसच्या दवाखान्यात ती नर्स होती. पेशंटांची नावं, डोसांच्या तारखा, सगळं त्या डायरीत. घशाच्या आजारानं आवाज गेला, तेव्हा शेवटचे आठ दिवस ती इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करूनच त्याच्याशी बोलली. गेली त्या दुपारी बराच वेळ काहीतरी लिहून तिनं ते गुप्त कप्प्यात टाकलं. पासवर्ड सांगायचा राहिला.

तीन महिने तो डोकं आपटत होता. तिची जन्मतारीख, लग्नाची तारीख, तिचं माहेर, लेकीचं नाव. दर वेळी चूक. आता तर त्याला तिचाच राग यायचा. नवऱ्यापासून लपवण्यासारखं होतं तरी काय? गेल्यावरही छळतेस, बाई!

त्यात कालपासून सेल संपत आल्याची खूण लुकलुकायला लागलेली.

भर दुपार. लाइट गेलेली, घामानं बोटं निसरडी. मागचं झाकण काही केल्या निघेना. वैतागून त्यानं डायरी समोरच्या ताटलीवर आपटली. झाकण उडालं आणि दोन्ही सेल एकदमच बाहेर पडले.

पडदा कोरा...

"गेलं... सगळं गेलं गं..." कपाळावर हात मारून घेत तो रडलाच.

दोन वाजले. तिच्या औषधाची वेळ. खोलीत कुठूनसा दवाखान्यातल्या फिनेलचा वास आला आणि डायरी वाजली. पीप... पीप...

पडद्यावर एकेक इंग्रजी अक्षर उमटत गेलं, तिच्याच संथ गतीनं.

'तुमचंच नाव होतं. एकदाही टाकून बघितलं नाही?'

त्यानं ताटलीकडं पाहिलं. जुने सेल तिथंच पडलेले. नवे अजून कागदात.

अक्षरं पुसली गेली. आता पडदा पासवर्ड विचारत होता. ज्यासाठी तीन महिने तडफडला, ते चार बोटांच्या अंतरावर आलं होतं आणि त्याचा हात काही पुढं होईना.

"मेघना...?"

थोडा वेळ गेला. मग कंटाळून कुणी पुढाकार घ्यावा तशी एक कळ आपोआप खाली दबली. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर.