इथे मजकूर येईल

गोष्ट भरदुपारची आहे, त्यामुळे अंधाराच्या माथी काही मारता येत नाही. ऊन लख्ख होतं, रस्त्यावर रहदारी होती, आणि ती आपल्या कामाला निघाली होती.

आसपास कुठं काय आहे ते शोधून देणारं एक मोबाइल ॲप तिच्या कंपनीत तयार होत होतं. त्यात कुठलं बटण कुठं असावं, पडद्यावर काय दिसावं, हे ठरवणं तिचं काम. मीटिंगमध्ये तिचा एकच हेका असायचा, "एका अंगठ्यानं चाललं पाहिजे. आईच्या दुसऱ्या हातात मूल असतं." तिनं आखलेलं प्रत्यक्ष चालतं करायचा तो तिच्या टीममधला एक चष्मिस पोरगा. तो म्हणायचा, "ताई, मग बापांसाठी वेगळं काढू या का?"

त्या दिवशी पाळणाघर बंद होतं. म्हणून दहा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊनच ती ॲप तपासायला बाहेर पडली. अर्धवट तयार असलेलं ॲप तिच्या फोनवर होतं. कुठंतरी उभं राहायचं, जवळचं दुकान शोधायचं आणि नकाशा खरं बोलतोय का ते चालून बघायचं. लेकीलाही जरा हवा लागेल, असं तिनं स्वतःला पटवलं होतं. स्वतःला पटवण्यात ती पटाईत होती.

दुसऱ्या चौकात लेकीचं डोकं खांद्यावर कलंडलं आणि तिच्या मानेला त्या तापलेल्या कपाळाचा चटका बसला. तिनं आईला फोन लावला.

"आई, अंग तापलंय गं हिचं. श्वासही भरभर चाललाय..."

"उन्हात हिंडवशील तर तापणार नाही तर काय? तुझं म्हणजे शिंक आली की न्यूमोनिया. सावलीत बस, पाणी पाज."

आईचं खरंही असेल. नेहमी असतंच. पण तेवढ्यात लेकीचे डोळे वर गेले आणि मुठी आवळल्या. तिनं फोन कट केला. अंगठा आपोआप सरकला. जवळचा बाल-दवाखाना. पहिलंच नाव, अंगाई बाल-दवाखाना. पुढच्या वळणावर. आत्ता उघडा आहे.

ती पळत सुटली. वळणावर पांढरी बैठी इमारत होती आणि काचेचं दार उघडंच होतं. आतून एक नर्स जणू वाट बघत असल्यासारखी पुढं आली.

"बाळाला द्या. तुम्ही इथंच बसा."

"मी पण येते ना आत..."

"इथंच बसा."

आणि तिनं दिलं! असं कसं दिलं, हे तिला पुढं सगळ्यांनी विचारलं. पण दवाखान्यात नर्सनं हात पुढं केला की देतोच की आपण.

आतलं दार लागलं. ती बाकावर बसली. हळूहळू तिच्या लक्षात आलं, इथं कसलाच वास नाही. औषधाचा नाही, फिनेलचा नाही, माणसांचाही नाही. रस्त्यावरचे हॉर्न दारापाशीच थांबत होते. समोरच्या खुर्च्या एकसारख्या होत्या, इतक्या की प्रत्येकीच्या उजव्या हातावर तोच, तसाच ओरखडा. भिंतीवर लसीकरणाचं असावं असं पत्रक होतं. तिनं डोळे बारीक करून वाचलं.

इथे मजकूर येईल. इथे मजकूर येईल. इथे मजकूर येईल.

पडदा आखताना खरा मजकूर हाताशी नसला की जागा भरायला ती हेच वाक्य टाकायची. तिनं ॲप उघडलं. दवाखान्याच्या नावाखाली एकच अभिप्राय होता. 'डॉक्टर प्रेमळ. बाळाला आत घेतात, आईला बाहेर बसवतात. बाळ अजिबात रडत नाही.'

हे तिनंच लिहिलं होतं. लेकीला मांडीवर थोपटता थोपटता, पडद्यावर दोन ओळी कमी पडत होत्या म्हणून. नाव तिनंच दिलेलं, पत्ता तिनंच टाकलेला. नमुन्यासाठी तिनं रचलेला दवाखाना होता हा. असा दवाखाना जगात कुठंच नव्हता.

ती आतल्या दारावर धावली. दाराला मूठच नव्हती. कान लावला. आत... काहीच नाही. बाळ रडत नव्हतं.

तिनं चष्मिसला फोन लावला.

"अरे, तो नमुन्याचा दवाखाना... अंगाई... तो माझ्या फोनवर दिसतोय..."

"अरेच्चा! खऱ्या यादीत मिसळला वाटतं. सॉरी हं ताई. काढतो."

"नको! थांब, ऐक माझं..."

"काढला पण! बघा, आहे का काही तक्रारीला जागा?"

तळहाताखालचं दार नाहीसं झालं. ती तोल जाऊन पुढं पडली, ती थेट गवतात. चारी बाजूंनी मोकळा प्लॉट. ऊन तसंच लख्ख. कुंपणापलीकडून हॉर्न ऐकू येऊ लागले.

"ताई? काय झालं? रडताय का?"

"परत टाक... माझी मुलगी आत आहे... परत टाक रे..."

त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो कामाला लागला. फोनमधून नुसती कीबोर्डची टकटक येत राहिली. ती गुडघ्यांवर बसून हातांनी गवत चाचपत होती, जणू कुठंतरी उंबरठा लागेल.

"टाकला, ताई. नाव, पत्ता, होतं तस्संच."

पडद्यावर दवाखाना आला. तुम्ही पोहोचला आहात, असं फोन म्हणाला. समोर गवत होतं. पण नावाखाली आता एक नवी पट्टी दिसत होती. तिनं ती मोठ्यानं वाचून दाखवली.

'आत्ता आत : एक बाळ.'

पलीकडची टकटक थांबली. "ताई," चष्मिस अगदी हळू म्हणाला, "आत किती जण आहेत ते दाखवायची सोय... आपण अजून केलेलीच नाहीये."

पट्टीखाली आणखी एक ओळ उमटत होती. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला.

'बाहेर थांबलेले : कोणी नाही.'

"मी आहे!" ती ओरडली. गवतातून कोणी ओ दिली नाही. "अहो, मी आहे ना... मी थांबलेय..."

तिनं पडदा पुन्हा पुन्हा ताजा करून बघितला. संध्याकाळी नवरा आला, पोलीस आले, तिची आई आली. सगळे त्या प्लॉटवर तिच्याभोवती उभे राहिले. ओळ बदलली नाही.