पाठमोऱ्या व्यापाऱ्याचं डोकं

सकाळी थडग्यावरच्या पुतळ्याचं डोकं नाहीसं झालं आणि दुपारपर्यंत चोरही ठरला: पहारेकरी. तो गरीब होता आणि हाताशी होता. पाद्रीसाहेबांना एवढा पुरावा पुरला. संध्याकाळपर्यंत फाटकाजवळची खोली रिकामी करा, असं त्यांनी त्याला आणि त्याच्या बायकोला बजावलं.

थडगं व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, आणि तऱ्हेवाईक. एका व्यापाऱ्याचं तेव्हाच्या पाद्र्याशी बिनसलं होतं, म्हणून मेल्यावरही तो चर्चकडे पाठ करून संगमरवरी खुर्चीत बसला होता. हातात छत्री, तिला सहज निघेल अशी पितळी मूठ. मानेवर आता काही नव्हतं. शहरातल्या बऱ्याच प्रतिष्ठितांचं तसंही भागतं, असं तपासाला आलेल्या इन्स्पेक्टरबाईंना वाटलं.

वारसा समितीचे तज्ज्ञ रुमालाने डोळे टिपत उभे होते. उद्या मंत्री येणार, म्हणून काल त्यांनी जातीने पुतळा धुतला होता. फाटकाची एक किल्ली त्यांच्याकडेही असे.

बाईंनी पुतळ्याच्या जाकिटावरून बोट फिरवलं. खडीसाखरेसारखं खरखरीत. पाद्रीसाहेबांच्या खोलीतल्या फोटोत जाकिटाला बटणं होती. इथे एकही नव्हतं. खुर्चीभोवतालचं गवत तेवढं करपलेलं.

“कशाने धुतलंत?”

“साबणाच्या पाण्याने. मऊ फडकं घेऊन.”

“तेव्हा डोकं होतं?”

“होतं की. पहारेकऱ्याने विकलं असणार, मॅडम. ही माणसं म्हणजे...”

“कुठली माणसं?”

तज्ज्ञांना खोकला आला.

“विकायला चोरणारा पितळी मूठ सोडून जात नाही,” बाई म्हणाल्या. “साबणाने गवत करपत नाही, दगडाची बटणंही विरघळत नाहीत. तुम्ही संडास धुवायचं ॲसिड ओतलंत. संगमरवर त्यात विरघळतो, हे तज्ज्ञांना ठाऊक नव्हतं. चेहरा गेला. मग मंत्र्यांना काय दाखवणार? त्यापेक्षा डोकंच कापावं आणि चोरी म्हणावं. त्यासाठी एखाद्याचं छप्पर गेलं तरी बेहत्तर. तुमच्या गाडीची डिकी उघडा.”

डिकीत चादरीत गुंडाळलेलं डोकं निघालं. नाक नाही, ओठ नाहीत. चघळून थुंकलेल्या गोळीसारखं.

“डाग निघतच नव्हते हो,” तज्ज्ञ पुटपुटले.

पाद्रीसाहेब लगबगीने फाटकाजवळच्या खोलीकडे गेले. गैरसमज झाला, आपण मोठ्या मनाने राहू देतो आहोत, सामान सोडा, असं त्यांनी सांगितलं.

पहारेकऱ्याची बायको बांधलेल्या वळकटीवरून उठली आणि बाजूला झाली.

“बांधायला तुम्ही लावलं, फादर. सोडाही तुम्हीच. गाठी घट्ट मारल्यात.”

इन्स्पेक्टरबाई तिथेच उभ्या होत्या, त्यामुळे पाद्रीसाहेब गुडघ्यांवर बसले.