क्रमांक अकराची कंबर

स्त्रियांच्या वॉर्डात त्या सकाळी अठरा खाटा होत्या. सतरा भरलेल्या, अठराव्या खाटेची गादी पंख्याखाली वाळत होती, कारण लोणावळ्यात आठवडाभर ऊनच पडलं नव्हतं. सलाइनचे स्टँड नऊ, त्यांतल्या दोनांची चाकं अडकणारी. ड्यूटीवर नर्स चार, मावश्या दोन. या सहा जणींपैकी तिघींच्या कमरेला आधाराचा पट्टा होता. चौथा पट्टा नर्स सारिकाच्या पिशवीत होता, कारण राउंडला मेट्रन सुनेत्रा मॅडम यायच्या होत्या.

वर्षभरात सारिकाची कंबर दोनदा धरली होती. दुसऱ्या वेळी मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं, “तिसऱ्यांदा रजेवर गेलीस तर केसपेपरच्या खिडकीत बसवीन. शिक्षा म्हणून नाही गं, तुझ्याच भल्यासाठी.” सारिकाला ते भलं नको होतं. तिला हा वॉर्ड हवा होता. खाट नंबर सातच्या आजी तिच्याच हातून औषध घेतात, हे तिला फार मोठं वाटायचं.

खाट नंबर नऊवर धबधब्याखाली घसरून मांडीपर्यंत प्लास्टर घातलेल्या एक बाई होत्या. वजन चौऱ्याऐंशी किलो. त्यांना वर सरकवायचं होतं आणि एक हात कमी पडत होता. तेवढ्यात दारात एक तरुण दिसला. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात पाणी गळणारी छत्री.

“अहो, बघत काय उभे राहिलात? नातेवाईक ना? या, चादरीचं ते टोक धरा!” सारिकाने हाक दिली.

तो आला. छत्री भिंतीला टेकवून त्याने टोक धरलं. मग सारिकाकडे पाहून म्हणाला, “तुम्ही जरा... नाही. काही नाही.”

“काय?”

“मला बोलायची परवानगी नाही.”

“मग न बोलता उचला!”

त्याने न बोलता उचललं. पण उचलताना तो तिच्या वाकलेल्या पाठीकडे असा बघत होता, जणू कुणी काचेची बरणी कडेला ठेवली आहे. सारिकाला राग यायला हवा होता. आला नाही.

दुपारच्या बैठकीत कळलं, तो नातेवाईक नव्हताच. तळेगावचा मुकुल, फिजिओथेरपी शिकून आता संशोधन करणारा. दवाखान्यात काम करणाऱ्यांची कंबर पुन्हा पुन्हा का धरते आणि ती धरू नये म्हणून काय करता येईल, हे त्याला बारा आठवडे तपासायचं होतं. एका वॉर्डाला माहितीची पुस्तिका आणि व्यायामाचा वर्ग. दुसऱ्याला फक्त पुस्तिका. मग दोन्हींची तुलना. म्हणूनच सकाळी त्याने तिला काही शिकवलं नव्हतं.

“दोन वॉर्ड, बत्तीस नर्स,” तो वाचत होता.

सारिकाने हात वर केला. “सर, मोजणी चुकलीय.”

“दोनदा मोजलंय, सिस्टर. बत्तीसच.”

“नर्स बत्तीस. उचलणारी माणसं चव्वेचाळीस. मावश्या धरल्याच नाहीत तुम्ही.”

मागून लोहगडवाडीच्या भामाबाईंचा आवाज आला, “का वं सायेब, आमाला कंबर न्हाई व्हय?”

खोलीभर हशा पिकला. मुकुल कानापर्यंत लाल झाला. मग त्याने खिशातलं पेन काढलं, बत्तीसवर काट मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “चुकलं.”

सारिकाने मनाशी हिशेब केला. चार वर्षांच्या नोकरीत, ज्याला सर म्हणायचं अशा माणसाच्या तोंडून तिने हा शब्द पहिल्यांदाच ऐकला होता.

सगळे कागद नव्याने करण्यात दोन आठवडे गेले. मग सुनेत्रा मॅडमनी ट्रेमध्ये दोन चिठ्ठ्या टाकल्या. व्यायाम पुरुषांच्या वॉर्डाला गेला. स्त्रियांच्या वॉर्डाला, म्हणजे बावीस जणींना, फक्त पुस्तिका. सारिकाचा क्रमांक अकरा.

दर दुसऱ्या गुरुवारी मुकुल मोजमाप घ्यायला येई. टेबलावर पालथं झोपायचं, कमरेपासून वरचं अंग टेबलाबाहेर, पाय मावशींनी दाबून धरायचे, आणि हवेत अंग सरळ ठेवून टिकायचं. जितके सेकंद टिकाल तितकी पाठीची ताकद. सारिका पहिल्यांदा अठ्ठेचाळीस सेकंद टिकली.

“तिकडे वर्गात काय शिकवता हो?” तिने विचारलं.

“सांगता येत नाही.”

“थोडंसं?”

“थोडंसंही नाही.”

“पुस्तिकेत लिहिलंय, वजन अंगाजवळ धरा. आमचे पेशंट काय बाजाराची पिशवी आहेत?”

“चांगला मुद्दा आहे. लिहून ठेवतो.”

“आणि त्या चित्रातली बाई हसतेय. कंबर दुखणारी बाई अशी हसते का?”

“तेही लिहितो.”

“तुम्ही का हसताय?... त्याची आहे का परवानगी?”

मुकुलने मान खाली घातली आणि स्टॉपवॉच उगाचच शून्यावर आणलं. ते आधीच शून्यावर होतं.

खिडकीबाहेर धुकं इतकं खाली उतरायचं, की समोरचं गुलमोहराचं झाड दिसायचं नाही. सारिकाला गुरुवार मात्र लांबूनच दिसू लागला होता.

आठव्या आठवड्यात न्हाणीघरात एक पेशंट घसरली. सारिकाने धावत जाऊन तिला धरलं. पेशंट वाचली... आणि सारिकाच्या कमरेत चमक भरली. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, चार दिवसांची रजा लिहिली. तिसरी रजा.

मुकुल बातमी ऐकून आला, तेव्हा ती व्हरांड्यातल्या बाकावर तिरकी बसली होती.

“आता तरी दाखवा ते व्यायाम,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. “उपचार सगळे मिळतील, सिस्टर. मी स्वतः डॉक्टरांशी बोललो. पण वर्गातलं तुम्हाला एकटीला...”

“माजा वॉर्ड जाईल! कळतंय का तुमाला? न्हाई कळत!” रागात तिच्या तोंडी तिच्या गावची, परंदवडीची बोली आली.

“कळतंय,” तो हळू म्हणाला. “म्हणूनच दाखवावंसं वाटतंय. आणि म्हणूनच दाखवत नाही. तुमच्या वॉर्डात अजून एकवीस जणी आहेत. त्यांना मी काय सांगू?”

तिने तोंड पावसाकडे वळवलं, पण भरून आलेले डोळे त्याला दिसलेच. 

रजा संपली आणि सारिका केसपेपरच्या खिडकीत बसली. पुढच्या गुरुवारी स्टॉपवॉच घेऊन आली ती त्याची सहकारी, प्रेरणा.

“सर कुठेत?”

“तुमच्या वॉर्डाचं मोजमाप आता मीच घेणार. चला, पटकन!” प्रेरणा नेहमी घाईत असायची.

पळाला, सारिकाच्या मनात आलं. दोन अश्रू काय पाहिले, पळाला!

बारा आठवडे संपले. निकाल ऐकायला सगळे जमले, तर आकडे वाचायलाही प्रेरणाच उभी राहिली. व्यायामाच्या वॉर्डात बावीसपैकी तिघांची कंबर पुन्हा धरली होती. नुसत्या पुस्तिकेच्या वॉर्डात बावीसपैकी दहा जणींची. मग सुनेत्रा मॅडम उठल्या.

“सोमवारपासून वर्ग चव्वेचाळीस जणांना. ड्यूटीच्या वेळात, ड्यूटी संपल्यावर नाही.”

भामाबाईंनी अशी काही टाळी वाजवली, की शेजारच्या नर्सच्या हातातला चहा सांडला. मॅडम सारिकाकडे वळल्या. “आणि तू. आज किती भरलीस?”

“एकेचाळीस सेकंद.”

“वर्षअखेरीला दोन मिनिटं टिकून दाखव. वॉर्ड तुझा.”

गर्दी पांगल्यावर प्रेरणा धावत आली. “अगं, तुझी एक सही राहिलीच! माप घेणारा बदलला, की त्याचं कारण वाचून सही लागते. महिन्यापूर्वीच घ्यायची होती. माझंच विसरणं.”

कागदावर मुकुलचं नेटकं अक्षर होतं. ‘माप घेणारा बदलण्याचे कारण : क्रमांक अकराबाबत मी तटस्थ राहिलेलो नाही.’

सारिकाने ते तीनदा वाचलं.

“काय लिवलंय गं?” भामाबाई डोकावल्या.

“काही नाही, मावशी.”

“कान लाल झालंत तुजं. म्हंजी चांगलंच लिवलं आसंल.”

मुकुल मागच्या सज्जात सोमवारच्या वर्गासाठी सतरंज्या मोजत होता. तिने कागद त्याच्यापुढे धरला.

“मी सही करणार नाही.”

“का?”

“कारण अपुरं आहे. तटस्थ नाही म्हणजे काय? कुठल्या बाजूला झुकलात, ते लिहायला हवं.”

त्याने हातातली सतरंजी घडी करून खाली ठेवली. पत्र्यावर पाऊस रेंगाळत होता.

“तुमच्या,” तो म्हणाला.

“किती?”

“मोजता आलं नाही... म्हणून तर प्रेरणाला बोलावलं.”

सारिकाला हसू आवरेना. “आणि मला वाटलं, तुम्ही पळालात.”

“पळालोच. थांबलो असतो, तर तुमचे सेकंद मी वाढवून लिहिले असते.”

तिने कागद त्याच्या पाठीवर ठेवून सही केली.

“व्यायाम तुम्हीच शिकवायचा,” ती म्हणाली.

“सगळ्यांबरोबर.”

“सगळ्यांबरोबर. नंतरचा चहा एकटीबरोबर.”

“चालेल... चालेल, सारिका.”

‘सिस्टर’ गळून पडलं होतं. ते उचलायला दोघांपैकी कुणीच वाकलं नाही.

वर्ग सुरू झाला. आधी सगळ्यांना हसू आलं, मग घाम आला, मग सवय लागली. गुडघे वाकवणं, पोट आवळून धरणं, पेशंटला हाताच्या नव्हे, पायांच्या जोरावर सरकवणं. दुसऱ्या महिन्यात सारिकाने पट्टा घरी ठेवला. दिवाळीनंतर मुकुल परंदवडीला गेला, तेव्हा भात काढणी चालली होती. सारिकाच्या वडिलांनी, गेणू आबांनी, काही न विचारता त्याला भाताचे भारे वाहायला लावलं आणि बांधावर बसून नुसतं पाहिलं. संध्याकाळी ते लेकीला म्हणाले, “पोरगं सावकाश उचलतंय. पर पाडत न्हाई.” घरात एवढं पुरेसं होतं.

डिसेंबरचा शेवटचा गुरुवार लख्ख उजाडला. टेबलाभोवती अख्खा वॉर्ड जमला होता. मुकुल दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

“आत ये की!” सारिका ओरडली.

“नाही. तुझ्या बाबतीत माझा भरवसा नाही.”

भामाबाई तिच्या पोटऱ्यांवर ठाण मांडून बसल्या. प्रेरणाने स्टॉपवॉच दाबलं.

पहिलं मिनिट सहज गेलं. नव्वद सेकंदांना मांड्या तापल्या, शंभराला घाम भुवईवरून नाकावर उतरला. “श्वास सोड गं,” कुणीतरी म्हणालं. एकशे वीसला वॉर्डात एकच कल्ला उठला. सुनेत्रा मॅडमनी चष्मा काढून पुसला. खाट नंबर बारावरून नव्यानेच आलेल्या एक काकू ओरडल्या, “पोरी, सोडू नकोस!” दोन मिनिटं झाली होती, वॉर्ड मिळाला होता, आता थांबलं तरी चाललं असतं. सारिका थांबली नाही. दाराबाहेरचा एक जण मोठ्याने मोजत होता... आणि आकडे चुकवत होता.

शेवटी तिने हात जमिनीला टेकले. प्रेरणाने स्टॉपवॉच दोनदा पाहिलं आणि वहीत लिहिलं :

क्रमांक अकरा. दोन मिनिटं सदतीस सेकंद.